न शिवता बाद झालेला गडी

खाडीच्या काठाला खारशेत नावाचं गाव आहे. तिथे मिठागरं आहेत, होड्या आहेत आणि घरटी एक तरी कबड्डीचा गडी आहे. या गावात हरेश्वर नावाचा एक चढाईपटू होता. दम घुमवत तो मध्यरेषा ओलांडून पलीकडे गेला, की समोरच्या संघातले धिप्पाड गडीसुद्धा मागे मागे सरकायचे. कोणाला कधी शिवून परत आला ते बघणाऱ्याला कळायचंच नाही.

खारशेतच्या मैदानाची एक रीत होती. ज्याला शिवलं गेलं त्यानं आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं, पंचानं बघितलेलं असो किंवा नसो. बोट लागलं की नुसता वारा लागला हे ज्याला लागलं त्यालाच कळतं, पंचाला काय कळणार, असं जुनी माणसं म्हणायची. शिवलेलं लपवणाऱ्याला गाव शिक्षा करत नसे. फक्त पुढच्या डावात साखळी धरायची वेळ आली, की शेजारचा गडी त्याचा हात धरत नसे. कबड्डी खेळणाऱ्याला याहून मोठी शिक्षा नाही. एकटा उभा राहिलेला गडी चढाईवाल्याला काय अडवणार.

हरेश्वरचा हात तर लहानपणापासून लगेच वर जायचा. एकदा अंतिम सामन्यात त्याच्या कोपराला बोट लागलं. कोणी बघितलं नव्हतं. त्यानं हात वर केला आणि गाव तो सामना हरलं. घरी आल्यावर त्याच्या बापानं त्याला भरपूर शिव्या दिल्या. मग जेवायला बसल्यावर स्वतःच्या ताटातली तळलेली मांदेली उचलून पोराच्या ताटात टाकली. तेव्हापासून गावात म्हणच पडली, हऱ्या बोलला म्हणजे झालं, दुसरा साक्षीदार नको.

पुढे शहरातल्या मोठ्या स्पर्धेसाठी खेळाडूंचा लिलाव होणार होता आणि त्यात हरेश्वरचं नाव आलं. लिलाव म्हटल्यावर त्याची आई घाबरली. तिनं जन्मभर बंदरावर मासळीचाच लिलाव बघितला होता.

"माज्या पोराला पाटीत घालून इकतात कं?" तिनं विचारलं.

तिला समजावता समजावता सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. पण बोली चांगली लागली. हरेश्वरला एका संघानं घेतलं आणि त्याचा पगार सुरू झाला. पहिल्या वर्षीच्या पगारात घराचं गळकं छप्पर गेलं आणि बापाच्या होडीला नवं इंजिन आलं. दुसऱ्या वर्षी बोली वाढली. धाकट्या भावाला कॉलेजात घातलं. खारशेतच्या मातीत कबड्डी खेळून कोणाचं पोट भरलं नव्हतं, ते हरेश्वरचं भरलं. सगळ्या गावाला अभिमान वाटला, आणि त्यात वावगं काहीच नव्हतं.

मग त्याच्या आयुष्यात कारखानीस साहेब आले. खेळाडूंना जाहिराती मिळवून देणं हा त्यांचा धंदा. माणूस हुशार होता, गोड बोलायचा, आणि जे बोलायचा त्यात बरंचसं खरंही असायचं.

"हरेश्वर, पगार हा तुझ्या पायांचा आहे," ते म्हणाले. "पाय तिशीत थकतात. जाहिरात असते नावाची, आणि नाव थकत नाही. पायांच्या पैशावर चूल चालव, नावाच्या पैशावर घर बांध."

हरेश्वरला ते पटलं. संघातला एक जुना गडी त्याच्या डोळ्यांसमोर होता. गुडघा गेला, तसा पगारही गेला, आणि आता तो कुठल्याशा मॉलच्या दारात पहारा करत होता.

पहिली जाहिरात बनियनची मिळाली. बनियन तो घालायचाच. दुसरी खेळायच्या बुटांची. ते बूटही त्याच्याच पायातले होते. पैसे येत गेले. त्यानं हायवेच्या बाजूला जागा घेतली आणि बंगल्याचे खांब उभे केले. खारशेतची माणसं मुंबईहून येताना एसटीतून ते खांब एकमेकांना दाखवायची.

त्यानंतर आली 'दमवीर'. दमवीर म्हणजे मुलांना दुधातून द्यायची पावडर. डबा पिवळा धमक, वर सोनेरी अक्षरं. तिच्या जाहिरातीसाठी मिळणारे पैसे इतके होते, की पगार आणि आधीच्या सगळ्या जाहिराती एका पारड्यात टाकल्या तरी ते पारडं वरच राहिलं असतं. हरेश्वरनं एवढंच म्हणायचं होतं, "लहानपणापासून मी हेच पितो. म्हणून माझा दम सरत नाही."

चित्रीकरणाच्या जागी त्याच्या हातात पेला दिला. पेल्यात दूध नव्हतंच. तापलेल्या दिव्यांखाली दूध फाटतं, म्हणून त्यांनी पांढरा रंग कालवला होता. तो प्यायचा नव्हता, नुसता ओठाला लावायचा होता.

हरेश्वर घुटमळला. म्हणाला, "साहेब, हे तर मी कधी प्यालो नाय."

कारखानीस हसले. "अरे, जाहिरात म्हणजे सोंग. नाटकातल्या राजाकडे कोणी राज्य मागायला जातं का? बघणाऱ्याला सगळं ठाऊक असतं."

शहरात ते खरंही होतं. शहरातली माणसं जाहिरात बघतात, हसतात, पटली तर वस्तू घेतात आणि नाही तर विसरून जातात. हरेश्वरनं मान डोलावली, पेला ओठाला लावला आणि ते वाक्य म्हणून टाकलं. वाक्य एका दमात गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

खारशेतमध्ये मात्र ते सोंग आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही. हरेश्वर टीव्हीवर बोलला काय आणि देवळाच्या पायरीवर बोलला काय, बोलणारा तोच. खोटं असतं तर त्यानं हात वर केला नसता का? ज्या पोरानं गावाला अंतिम सामना हरू दिला पण बोट लपवलं नाही, तो पावडरीसाठी कशाला खोटं बोलेल? असा सरळ हिशेब होता तो. दुसऱ्या कुठल्या गावानं असा हिशेब केला नसता.

शेजारच्या बायका तर हरेश्वरच्या आईवर रुसल्या. एक जण पाण्याला जाता जाता बोललीच, "इतकी वर्षं आमच्यापासून लपवून ठेवलंस ना गं? तरीच म्हटलं, तुजा पोर एवढा कसा धावतो." आई गोंधळून गेली. पोराला तिनं पेज दिली होती, तांदळाची भाकरी दिली होती, मांदेली आणि बोंबील दिले होते. पिवळा डबा तिनं जन्मात बघितला नव्हता. शेवटी तिनं स्वतःचीच समजूत घातली. सुट्टीत मावशीकडे जायचा, तिथेच पीत असेल.

हरेश्वरचा लहानपणापासूनचा दोस्त चिंतामण. गावाच्या संघात चिंतामण डाव्या कोपऱ्यात खेळायचा आणि साखळीत नेहमी हरेश्वरचा हात धरायचा. पोटासाठी तो मिठागरावर काम करायचा आणि पहाटे खाडीत जाळं टाकायचा. त्याची बायको दर्शना. त्यांना ओवी नावाची एकच मुलगी. ओवी अंगानं बारीक. दर्शनाच्या जिवाला त्याचा फार घोर. दुसऱ्याचं गुटगुटीत पोर दिसलं, की ती ओवीच्या मनगटाला हात लावून बघायची. अंगणवाडीतल्या ताईंनी वजनकाट्यावर नजर टाकून नुसतं "हं" केलं, तरी दर्शनाला त्या दिवशी घास गोड लागायचा नाही.

तिनं हरेश्वरची जाहिरात बघितली आणि तिला हायसं वाटलं. कोणीतरी परकं सांगत नव्हतं. घरचा माणूस सांगत होता.

डबा महाग होता. चिंतामणच्या मजुरीत बसणारा नव्हता. मग दर्शना युक्तीनं चालू लागली. जाळ्यात आलेली मांदेली घरात शिजायची, ती आता बाजारात जाऊ लागली. कोंबडीची अंडी विकली गेली. दुधाचा रतीब निम्मा केला आणि त्यात पाणी घालून पावडर ढवळली. डबा लवकर संपू नये म्हणून चमचा सपाट झाला, मग अर्धा झाला. ओवीला ते गोड पाणी आवडायचं. पेलाभर प्यायली की तिचं पोट भरल्यासारखं व्हायचं आणि भाकरी तशीच राहायची. दर्शना म्हणायची, राहू दे, भाकरीत काय आहे, दमवीर पोटात गेलंय ना.

पोर आणखी वाळत गेली. एके दिवशी शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभी होती, ती तिथेच खाली कोसळली.

तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी ओवीला तपासलं. डोळ्यांच्या पापण्या ओढून बघितल्या, नखं बघितली, दर्शनाला खाण्यापिण्याचं सगळं विचारलं. डबाही बघितला. म्हणाल्या की यात बहुतेक साखर आणि पीठ आहे. विष नाही, पण जेवणही नाही. मग हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, पोर उपाशी आहे तुमची."

दर्शनानं ओवीला जवळ ओढलं. स्वतःच्या तोंडचा घास काढून जिला भरवलं, ती उपाशी. तरीसुद्धा, आता नवल बघा, हरेश्वर खोटं बोलला असं तिच्या मनाला शिवलंच नाही. तिला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी चुकलंय.

चैत्रात गावदेवीची जत्रा होती आणि जत्रेत कबड्डीचे सामने होते. हरेश्वर दर वर्षी शहरातून येऊन गावासाठी खेळायचा. या वर्षी तो मोठ्या गाडीतून आला. बरोबर कारखानीस साहेब होते आणि दमवीरवाल्यांची माणसं होती. मैदानाच्या चारी बाजूंनी पिवळे कापडी फलक लागले. सामन्यानंतर गावातल्या सगळ्या मुलांना हरेश्वरच्या हातून एकेक डबा फुकट मिळणार होता, आणि तिथेच व्यासपीठावर नव्या करारावर सही होणार होती. करार आधीच्यापेक्षाही मोठा होता. त्यातून बंगला पुरा होणार होता. भावाचं लग्न होणार होतं. गुडघा उद्या गेला तरी हरेश्वरला कोणाच्या दारात उभं राहावं लागणार नव्हतं.

सामन्याच्या सकाळी दर्शना त्याच्या घरी आली. डबा फडक्यानं लख्ख पुसून तिनं पदराखाली आणला होता. हरेश्वरनं तिला बस म्हटलं, ती बसली नाही. ओवीला चक्कर आल्याचं, डॉक्टरीणबाईंचं, सगळं तिनं खाली बघत सांगितलं.

मग तिनं डबा पुढे केला. "भावजी, तुमी लहानपनी किती चमचे घेत व्हता? आमचंच कायतरी चुकलंय. तेवढं सांगा, म्हंजे मी बरोबर देईन."

हरेश्वरला समोरच्या संघातल्या सात जणांनी घेरलेलं असायचं तेव्हा घाम फुटत नसे. आता फुटला. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं खाल्ल्या असत्या. पण ती तर चूक स्वतःच्या पदरात घेऊन आली होती, आणि नुसते चमचे विचारत होती.

तो म्हणाला, कंपनीच्या माणसांना विचारून सांगतो. दर्शना बरं म्हणाली आणि गेली.

आतून त्याची आई बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं. त्याच्यापुढे पेजेची वाटी ठेवत तिनं विचारलं, "खरं सांग, पोरा. मावशीकडं पीत व्हतास कं?"

हरेश्वरनं वाटीला हात लावला नाही. तो उठून मैदानावर गेला.

मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. सामना पलीकडच्या तालुक्यातल्या तगड्या संघाशी होता. पहिली चढाई त्यांची. पंच म्हणून गजाननबुवा उभे होते. त्यांनी शिट्टी तोंडात धरली. खारशेतच्या गड्यांनी साखळी धरायला सुरुवात केली. डाव्या कोपऱ्यातून चिंतामणनं नेहमीसारखा हात पुढे केला. त्याच्या तळव्याला मिठानं भेगा पडल्या होत्या. पोरीचं सगळं होऊनसुद्धा त्या हातात कसलाही राग नव्हता. तो हात विश्वासानं पुढे आला होता, आणि तेच हरेश्वरला सोसलं नाही.

त्यानं चिंतामणचा हात धरला नाही. स्वतःचा हात वर केला.

गजाननबुवांनी शिट्टी खाली घेतली. "अरे, चढाई सुरू झाली नाय अजून. तुला शिवलं कोनी?"

हरेश्वर रेषेबाहेर गेला. लोकांना वाटलं पाय मुरगळला. तो सरळ व्यासपीठावर चढला आणि निवेदकाच्या हातातला माईक त्यानं मागून घेतला. कारखानीस साहेबांना वाटलं, दमवीरबद्दल दोन गोड शब्द बोलणार. ते कौतुकानं पुढे सरकून बसले.

"दमवीर मी कधी प्यालो नाय," हरेश्वर म्हणाला. "जाहिरातीत प्यालो तो रंग व्हता. माजा दम पेजेचा नि मांदेलीचा. ओवीच्या आयचं काय एक चुकलं नाय. चुकी माजी हाय. हात वर करायला मला उशीर झाला."

मागून कोणीतरी ओरडलं, "पैसे घेताना हात खिशात व्हता कं?" काही जण हसले. हरेश्वरनं ते ऐकून घेतलं. ऐकून घेण्यासारखंच होतं. माईक परत देऊन तो खाली उतरला आणि बाद झालेले गडी बसतात त्या जागी जाऊन बसला.

सामना त्याच्याशिवाय सुरू झाला. चिंतामणचा चेहरा दगडासारखा झाला होता. त्यानं हरेश्वरकडे एकदाही बघितलं नाही. समोरचा चढाईवाला त्याच्या कोपऱ्यात आला, तेव्हा चिंतामणनं त्याच्या घोट्यावर अशी झडप घातली की तो जागचा हलला नाही. समोरचा गडी बाद झाला, म्हणजे आपला बाहेर बसलेला गडी आत येतो. कबड्डीचा नियमच आहे तो. गजाननबुवांनी हरेश्वरला आत यायची खूण केली.

हरेश्वर रेषेपाशी येऊन थांबला. आत पाऊल टाकायचा त्याला धीर होईना.

चिंतामण दम खात म्हणाला, "ये आत. पन दर्शनाफुडं तूच उभा राहा. मी नाय सांगनार तिला."

सामना खारशेतनं जिंकला की हरला, ते आज कोणाला नीट आठवत नाही. पिवळे फलक सामना चालू असतानाच निघाले, हे मात्र सगळ्यांना आठवतं.

कारखानीस साहेब गाडीत बसता बसता म्हणाले, "आजवर इतके खेळाडू बघितले. स्वतःला स्वतःच बाद करणारा तू पहिलाच."

हरेश्वर म्हणाला, "साहेब, बाद झालेला परत आत येतो. लपलेला येत नाय."

संध्याकाळी तो दर्शनाच्या दारात जाऊन उभा राहिला. तिनं त्याला आत बोलावलं नाही. तो मघाशी माईकवर बोलला तेच पुन्हा बोलला. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही, आवाजही चढला नाही.

"मी तिच्या ताटातली मांदेली इकली, भावजी," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी हरेश्वरनं बापाच्या होडीतली ताजी मासळी दर्शनाकडे पाठवली. तिनं पाटी परत केली. निरोप दिला की घरात मासळीला तोटा नाही, अक्कल आली तेवढं पुरे. ओवीच्या ताटात पुन्हा भाकरी आली, अंडं आलं, मांदेलीचं कालवण आलं. पावसाळा संपेपर्यंत ती चिखलात इतकी हुंदडायला लागली, की तिला घरात आणताना दर्शनाचा जीव मेटाकुटीला यायचा. दर्शनाला तो त्रास गोड वाटायचा.

हरेश्वरचं ते वर्ष कठीण गेलं. दमवीरवाल्यांनी करारातलं कलम दाखवून दिलेले पैसे परत घेतले. बनियनवाले घाबरून मागे हटले. बंगल्याच्या खांबांतून वर आलेल्या सळ्या खाऱ्या वाऱ्यानं तांबारल्या. नाक्यावरची माणसं त्याला शेठ म्हणून हाक मारायची आणि विचारायची, बंगल्याला छप्पर आभाळाचंच ठेवणार का? पण पगार चालू होता. तो अंगातल्या घामाचा होता, कोणाला काढून घेता येत नव्हता. हरेश्वर मान खाली घालून खेळत राहिला.

इकडे जत्रेतल्या त्या प्रसंगाचा व्हिडिओ कोणीतरी मोबाईलवर घेतला होता. तो या हातातून त्या हातात करत राज्यभर फिरला. आणि एक दिवस कारखानीस साहेब पुन्हा खारशेतला आले. या वेळी ते जरा वरमलेले होते. पावसाळी चपला बनवणाऱ्या एका कारखान्याला हरेश्वरच हवा होता. दुसरा कोणी चालणार नव्हता.

हरेश्वरनं अट घातली. आधी मी एक पावसाळा चपला वापरणार, मग बोलणार. कारखानीस म्हणाले, धंद्यात असं कोणी थांबत नाही. हरेश्वर म्हणाला, मग त्यांनी दुसरा गडी बघावा. कारखानेवाले थांबले.

हरेश्वर त्या चपला घालून खाडीच्या निसरड्या बांधांवरून हिंडला. श्रावण लागता लागता एका चपलेचा पट्टा तुटला. त्यानं तुटकी चप्पल पुडक्यात बांधून कारखान्याला पाठवून दिली. कारखान्यानं पट्टा बदलून नवा जोड पाठवला. तो त्यानं दिवाळीपर्यंत घातला. मग जाहिरातीत तो स्वतःच्याच शब्दांत बोलला. "पहिली तुटली व्हती. ही नाय तुटली." बस, एवढंच. त्या वर्षी कारखान्याला चपला पुरवता पुरवता नाकी नऊ आले.

यानंतर त्याच्याकडे रांग लागली. दुखऱ्या गुडघ्याचं तेल आलं, त्यानं लावून बघितलं, गुण आला नाही, बाटली परत गेली. सायकल आली, ती राहिली. पाण्याची टाकी आली, ती राहिली. जाहिराती तो मोजक्याच करायचा, पण ज्या केल्या त्या वर्षानुवर्षं टिकल्या. दर वर्षी नवा चेहरा शोधायची कंपन्यांना गरज पडली नाही, म्हणून पैसेही भरपूर मिळाले. पुढे त्याचा गुडघा खरंच गेला. लिलावात त्याचं नाव पुकारलं गेलं आणि कोणी बोली लावली नाही. पगार थांबला. तोवर बंगल्याला छप्पर आलं होतं, भावाचं लग्न झालं होतं, आणि गावच्या पोरांसाठी त्यानं मैदानाला कुंपणही घालून दिलं होतं. कारखानीस साहेब आता नव्या खेळाडूंना त्याचं उदाहरण देतात. दमवीरचा भाग मात्र ते थोडक्यात आटपतात.

परवाचीच गोष्ट. खारशेतच्या दुकानात नव्या जातीचा कुकर आला होता. दुकानदारानं तो दर्शनापुढे ठेवला, झाकण उघडून दाखवलं, लावून दाखवलं, डाळ कशी झटपट शिजते ते सांगितलं. दर्शनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हरेश्वर भावजी काय म्हनतात?"

दुकानदार कान खाजवत म्हणाला, "त्यांच्याकडं दिलाय. अजून शिजवून बघतात."

"मंग मी पन थांबते," दर्शना म्हणाली, आणि ओवीसाठी पावशेर शेंगदाणे घेऊन घरी गेली.

तात्पर्य: अंगाच्या कष्टाचं मोल पगारात मिळतं, पण नावाचं मोल लोकांच्या विश्वासातून येतं, म्हणून जे आपण आपल्या ताटात घेत नाही, ते आपल्या नावानं दुसऱ्याच्या लेकराच्या ताटात वाढू नये.